हक्काच्या जागेसाठी हात का पसरावा?

रमजानचा महिना आणि शाळाप्रवेशाची धावपळ यंदा एकाच वेळी आली आहे. एकीकडे घराघरांत वर्षाच्या जकातीचा हिशेब मांडला जात आहे. दुसरीकडे शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांच्या सोडतीत कुणाचे नाव लागले, कुणाचे प्रतीक्षा यादीत राहिले, कुणाचा कोणता कागद कमी पडला, हे पाहण्यासाठी पालक सायबर कॅफेत आणि पडताळणी केंद्रांवर चकरा मारत आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असे वरवर वाटेल. पण दोन्हींच्या मुळाशी एकच शब्द आहे, हक.

जकातीबद्दल बिगरमुस्लिम शेजाऱ्यांचा, आणि खरे तर अनेक मुसलमानांचाही, समज असा असतो की ते एक दान आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के भाग गरिबाला द्यायचा आणि पुण्य मिळवायचे. इस्लामी विचार याहून कडक आहे. श्रीमंताच्या संपत्तीतला तो हिस्सा मुळात गरजवंताचा आणि वंचिताचा हक आहे, असे कुरआनने सांगितले आहे. देणारा उपकार करत नाही. दुसऱ्याची ठेव परत करतो. म्हणून जकात देताना घेणाऱ्याला ओशाळे करणे गैर आणि ती थकवणेही गैर.

भारतीय राज्यघटनेने शाळेच्या बाबतीत हेच केले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१ अ आले आणि ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील कलम १२ (१) (क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचे. शाळेला खर्चाची प्रतिपूर्ती सरकार करणार. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. रिक्षाचालकाचा मुलगा आणि डॉक्टरची मुलगी एका बाकावर बसावीत, ही त्यामागची कल्पना आहे. गरिबाला इंग्रजी शाळा मिळणे हा तिचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा असा की श्रीमंताच्या मुलालाही आपल्या गावातली दुसरी वस्ती ओळखीची व्हावी.

महाराष्ट्रात या जागांना किती मागणी आहे हे आकडेच सांगतात. २०२५-२६ या वर्षासाठी राज्यात एक लाखाहून थोड्या अधिक जागा होत्या आणि अर्ज तीन लाखांवर आले. म्हणजे साधारण तीन मुलांमागे एक जागा. उरलेल्या दोन मुलांचे काय, हा प्रश्न आहेच. पण २०२४ मध्ये या एका जागेवरही गदा आली होती, आणि ती गोष्ट इतक्या लवकर विसरण्यासारखी नाही.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियमात बदल केला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट मिळाली. शहरात आणि तालुक्याच्या गावात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची, नगरपालिकेची, जिल्हा परिषदेची नाहीतर अनुदानित शाळा नसते असे ठिकाण शोधावेच लागेल. त्यामुळे बहुतेक खासगी इंग्रजी शाळा एका फटक्यात यादीबाहेर गेल्या. कागदावर मात्र चित्र भव्य झाले. यादीत सुमारे ७६ हजार शाळा आणि पावणेनऊ लाखांहून अधिक जागा दिसू लागल्या, कारण ज्या सरकारी व अनुदानित शाळांत गरिबाला एरवीही प्रवेश मिळतच होता, त्याच आता 'आरटीई'च्या जागा म्हणून मोजल्या गेल्या. पालकांनी हे बरोबर ओळखले. आदल्या वर्षी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले होते. या नव्या नियमाखाली ते सत्तर हजारांच्या आसपास थांबले. कर्नाटकाने २०१९ पासून असाच नियम लावला होता आणि तिथेही या जागांवरचे प्रवेश असेच आटले. महाराष्ट्रापुढे तो अनुभव होता, तरीही वाट तीच धरली गेली.

पालक आणि सामाजिक संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे रोजी स्थगिती मिळाली, १९ जुलै रोजी न्यायालयाने ती दुरुस्ती मूळ कायद्याशी आणि घटनेशी विसंगत ठरवून रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. जुन्या नियमाने अर्ज पुन्हा मागवले तेव्हा ते दोन लाख चाळीस हजारांच्या पुढे गेले. पण या साऱ्यात शाळा जूनमध्येच सुरू झाल्या होत्या. ज्यांची नावे सोडतीत होती ती मुले जुलै सरत आला तरी घरी होती. पहिलीतल्या मुलाचे हे दोन महिने भरून निघतात, पण वर्गात उशिरा येणारा 'आरटीईवाला' अशी जी ओळख पहिल्याच दिवशी चिकटते, ती लवकर सुटत नाही.

त्या दुरुस्तीमागचा युक्तिवाद असा होता की जवळ सरकारी शाळा असताना खासगी शाळेला पैसे का द्यायचे? हा प्रश्न गैर नाही. सरकारी शाळा सक्षम व्हावी असे मानणारी अनेक प्रामाणिक माणसेही हाच प्रश्न विचारतात. पण सरकारचे दुसरे धोरण शेजारी ठेवून पाहिले की त्याचे उत्तर मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे या दुरुस्तीच्या पाचच महिने आधी, कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळा आणि त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुले असल्याची आकडेवारी तेव्हाच पुढे आली. यातल्या बहुतेक शाळा वाड्या, पाडे, तांडे आणि वस्त्यांवरच्या. राज्याच्याच नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. म्हणजे शहरातल्या गरिबाला सांगायचे की एक किलोमीटरवर सरकारी शाळा आहे, म्हणून खासगी शाळेत तुझी जागा नाही. आणि डोंगरातल्या गरिबाला सांगायचे की तुझी सरकारी शाळा लहान आहे, म्हणून ती लांब जाणार. एक किलोमीटरचा नियम एका ठिकाणी हक्क काढून घ्यायला वापरायचा आणि दुसऱ्या ठिकाणी बाजूला ठेवायचा, याला धोरण म्हणता येत नाही.

हीच गत शिष्यवृत्तीची झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद केली. नववी आणि दहावीपुरती ती ठेवली. कारण दिले शिक्षण हक्क कायद्याचे. आठवीपर्यंत शिक्षण मोफतच आहे, मग शिष्यवृत्ती कशाला? प्राथमिक वर्गातल्या, घरी राहून शिकणाऱ्या मुलाला यातून वर्षाला एक हजार रुपये मिळत. त्यातून वह्या, चप्पल, दप्तर, कधी आजारपणातले औषध निघत असे. शिक्षण मोफत आहे म्हणजे शिकणे मोफत आहे असे नाही, हे एखाद्या हातमाग विणकराच्या किंवा ऊसतोड मजुराच्या घरात कुणालाही समजावून सांगावे लागत नाही. ज्या कायद्याने हक्क दिला, त्याच कायद्याचे नाव सांगून मदत काढून घेतली गेली.

कायद्यातली आणि अंमलबजावणीतली इतर छिद्रेही अशीच आहेत. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे आणि ती गेली अनेक वर्षे तशीच आहे. एक लाख म्हणजे दिवसाला पावणेतीनशेही नाहीत. महिन्यातले २६ दिवस काम मिळालेल्या आणि रोज ४०० रुपये मजुरी घेणाऱ्या एकट्या कमावत्या माणसाचे उत्पन्न सव्वा लाखाच्या घरात जाते आणि तो 'दुर्बल' राहत नाही. मग एकतर खरे सांगून मुलाची जागा सोडायची, नाहीतर खोटा दाखला आणायचा. प्रामाणिक मजुराला खोटे बोलायला लावणारी अट ही मजुराची लबाडी नाही, अटीची आहे.

दुसरा मार्ग वंचित गटाचा. त्याला जातीचा दाखला लागतो. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या आहेत. पण दाखल्यासाठी १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. ज्याचा आजोबा शाळेतच गेला नाही, त्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात कुठून येणार? ही अडचण मुसलमानांपुरती नाही. गावोगाव फिरलेल्या वैदू, डोंबारी कुटुंबांना १९६१ पूर्वीचा कागद मागितला जातो. आजोबा शिकला नाही म्हणून नातवाला शिकण्याचा दाखला मिळत नाही, हा असा फेरा आहे.

प्रवेश मिळालेल्यांची वाटही सोपी नाही. फी माफ असते, पण ठरावीक दुकानातली पुस्तके, दोन-तीन प्रकारचे गणवेश, बूट, स्कूलबस, 'ॲक्टिव्हिटी'चे पैसे हे अनेकदा पालकांच्या माथी येते. आठवी संपली की कायद्याचे छत्रही संपते. आठ वर्षे त्या शाळेत काढलेल्या मुलापुढे नववीत पूर्ण फी नाहीतर दुसरी शाळा, एवढेच पर्याय उरतात, आणि तेही दहावी दोन वर्षांवर आली असताना.

खासगी शाळाचालकांची बाजूही ऐकायला हवी. सरकार प्रतिमुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांची प्रतिपूर्ती ठरवते आणि ती वर्षानुवर्षे थकवते. थकबाकी शेकडो कोटींची आहे. लहान गावातली, कमी फीची शाळा चालवणाऱ्याला हा बोजा खरोखर पेलत नाही. अशा शाळाचालकाचा राग सरकारवर असायला हवा, पण तो निघतो वर्गातल्या मुलावर. जकात थकवणारा जसा गरिबाचे देणे थकवतो, तसेच प्रतिपूर्ती थकवणारे सरकार शाळेचे नव्हे, त्या मुलाचे देणे थकवते.

खजिन्यात पैसा नाही, हे कारण सगळ्याच काळात सांगितले गेले. रमजानशी जोडलेला एक प्रसंग इथे आठवावा. हिजरी सन २ मध्ये, रमजानच्या सतराव्या दिवशी बद्रची लढाई झाली. मक्केचे कैदी मदिनेत आणले गेले. कैदी सोडवायला खंडणी घेण्याची रीत होती आणि मदिनेचा खजिना रिकामा होता. तरीही, ज्यांच्याकडे खंडणीला पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना अक्षरओळख करून द्यावी आणि मोकळे व्हावे, असे पैगंबरांनी ठरवल्याची नोंद इस्लामी इतिहासग्रंथांत आहे. शिकवणारे दुसऱ्या धर्माचे, नुकतेच रणांगणावर समोर उभे ठाकलेले होते. तरी मुलांची अक्षरे खंडणीपेक्षा मोलाची ठरली.

महाराष्ट्राचा वारसाही याच वाटेचा आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, त्यात त्यांचे म्हणणे हिशेबाचे होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो; तेव्हा किमान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या आजारपणात कामाचा भार सोसणाऱ्या फातिमेचा उल्लेख आहे. १९१७ मध्ये राजर्षी शाहूंनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत बसवली आणि गावोगावच्या घरांतून मूठ-मूठ धान्य गोळा केले. ईदच्या नमाजाआधी धान्याच्या मापाने काढला जाणारा फितरा आणि कर्मवीरांचा मुष्टिफंड यांची जातकुळी एकच आहे.

पण मूठभर धान्याने वसतिगृह चालते. राज्याची शिक्षणव्यवस्था चालत नाही. दरवर्षी रमजानमध्ये आणि पुढे जूनमध्ये कितीतरी पालक फीसाठी ट्रस्ट, जमाती आणि दानशूरांच्या दारी उभे राहतात. त्यांतल्या अनेकांच्या मुलांना कायद्याने मोफत जागा मिळायला हवी होती. ती मिळाली नाही म्हणून जकातीचा पैसा फीत जातो. म्हणजे विधवेच्या औषधासाठी, कर्जदाराच्या सुटकेसाठी असलेला पैसा सरकारच्या उणिवा बुजवायला वापरला जातो. शिवाय फीसाठी हात पसरणाऱ्या बापाचा चेहरा त्याचे मूल पाहत असते. हक्क मागायला गेलेला बाप आणि मदत मागायला गेलेला बाप यांतला फरक मुलाला फार लवकर कळतो.

मुस्लिम समाजालाही या निमित्ताने स्वतःकडे पाहावे लागेल. ६ मे २०१४ च्या निकालाने अनुदानित आणि विनाअनुदानित अशा सर्व अल्पसंख्याक शाळा शिक्षण हक्क कायद्याच्या बाहेर गेल्या. घटनेच्या कलम ३० ने दिलेली स्वायत्तता मोलाची आहे आणि ती जपायलाच हवी. पण ती मिळाली कुणासाठी? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे देशातील अल्पसंख्याक शाळांत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुलांचे प्रमाण पावणेनऊ टक्क्यांच्या आसपास आहे. आयोगाच्या निष्कर्षांवर मतभेद असू शकतात. तो आकडा खाली मान घालायला लावणारा आहे, यावर नसावेत. कायद्याने सक्ती नसली तरी अल्पसंख्याक संस्थांनी पंचवीस टक्के जागा आपल्याच मनाने गरिबांना, त्यांचा धर्म न विचारता, दिल्या तर त्यांना कोण अडवणार आहे? उलट दुसऱ्या शाळांकडे हक्क मागताना आवाजाला धार येईल.

सरकारी शाळा हेच अंतिम उत्तर आहे, हेही तितकेच खरे. पालक सरकारी शाळेला नव्हे, दुर्लक्षित शाळेला टाळतात. २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने सीबीएसई मंडळाच्या नव्या शाळा सुरू केल्या, तेव्हा सुमारे चार हजार जागांसाठी त्याच्या दुपटीहून अधिक अर्ज आले आणि महापालिकेच्या शाळेसाठी सोडत काढावी लागली. शिक्षक पूर्ण असतील, वर्ग गळत नसेल आणि शिकवणे नीट असेल तर गरीब आणि मध्यमवर्गीय दोघेही येतात. म्हणून २५ टक्के जागा आणि सरकारी शाळा यांना एकमेकींविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. सरकारी शाळा चांगली होईपर्यंत आजच्या सहा वर्षांच्या मुलाला थांबवून ठेवता येत नाही. ते पुढच्या वर्षी सात वर्षांचे होते.

मागण्या म्हणाव्यात तर फार नाहीत. अंतराची सूट मागच्या दाराने पुन्हा आणू नये. प्रतिपूर्ती त्याच शैक्षणिक वर्षात द्यावी. उत्पन्नाची मर्यादा आजच्या मजुरीशी जोडावी आणि दर काही वर्षांनी वाढवावी. पुस्तके, गणवेश आणि बस हा मोफत शिक्षणाचाच भाग धरावा. प्रवेश आठवीऐवजी दहावीपर्यंत चालू राहावा. वाडीवरची शाळा बंद करण्याआधी त्या वाडीतल्या पालकांची ग्रामसभा घ्यावी. पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती परत सुरू करावी.

समाजाच्या हातीही बरेच आहे. प्रत्येक मोठ्या मशिदीत, मंडळाच्या कार्यालयात, बुद्धविहारात प्रवेशाच्या दिवसांत एक टेबल मांडता येईल. अर्ज भरून देणे, उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला सोबत जाणे, नाकारलेल्या अर्जावर तक्रार लिहून देणे, यासाठी पैसा कमी आणि माणसे जास्त लागतात. कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. या समित्या बहुतेक ठिकाणी सहीपुरत्या उरल्या आहेत. मोहल्ल्यातल्या आणि वाड्यातल्या आयांनी त्या खुर्च्यांवर खरोखर बसायचे ठरवले, तर शौचालयाच्या दारापासून रिक्त शिक्षकापर्यंत अनेक प्रश्न हलतील.

रोजा भूक समजावतो असे म्हणतात. पण रोजेदाराची भूक मगरीबच्या अजानीला संपते, कारण दस्तरखानावर आपल्यासाठी काहीतरी आहे याची त्याला खात्री असते. प्रतीक्षा यादीतल्या मुलाला ती खात्री नाही. ती देणे सरकारचे काम आहे. सरकारला त्याची आठवण करून देणे हे मात्र या गावातल्या प्रत्येक घराचे काम आहे, मग त्या घरात इफ्तारची तयारी चालू असो की सांजवात लावली जात असो.